अल्बाट्रॉसची दुसरी पाळी

३ तारीख, शुक्रवार. बोटीवर.

बोट सुटायला बावीस मिनिटं उशीर. कारण विचारलं तर कप्तान म्हणाला, "भरतीची वाट बघत होतो." माझ्या आगारात ड्रायव्हर लोकही असंच काहीतरी सांगायचे. मी पस्तीस वर्षं बस आगारात वाहतूक नियंत्रक होतो, मला नका शिकवू. घरीदारी सगळे मला 'कंट्रोलर' म्हणतात. सासरे तर लग्नातसुद्धा म्हणाले होते, "कंट्रोलर, आता बसा."

चार महिन्यांपूर्वी निवृत्त झालो. तेवढ्या काळात घराला बऱ्यापैकी शिस्त लावली. स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. न्हाणीघराचं वेळापत्रक दारावर लावलं. भाजी चिरताना हाताच्या फालतू हालचाली कशा वाचवायच्या, ते हिच्या शेजारी उभं राहून रोज दाखवलं. ही काही बोलली नाही. म्हणजे पटलंच असणार.

ही सहल हिच्या हट्टाने. लहानशी बोट, सोळा प्रवासी, माणसाची वस्ती नसलेली ज्वालामुखीची बेटं आणि त्यांवरचे प्राणी. मी म्हटलं, "प्राणी टीव्हीवर दिसतात की, तेही जवळून." ही म्हणाली, "चला तर खरं. बघू, जमतंय का." मी विचारलं, काय जमतंय का? तर उत्तर नाही. निघायच्या आदल्या दिवशी फोनवर लेकीला सांगत होती, "आधी ही सहल होऊ दे, मग ठरवते. पण खोली झाडून ठेव."

लेक परगावी असते. सहलीहून आलं की ही थोडे दिवस तिच्याकडे जाईन म्हणते. थोडे म्हणजे किती, ते "बघू". मी म्हटलं, "जा की, बिनघोर जा. तोवर मी स्वयंपाकघराची फेरमांडणी करून टाकतो." हिने डोळे गच्च मिटून घेतले. बोट लागली असावी म्हणावं, तर आम्ही अजून घरीच होतो.

४ तारीख, शनिवार.

आज पहिलं बेट. उतरताना इतका गोंधळ की विचारू नका. बेटावर एका वेळी आठच माणसं न्यायची असा नियम आहे, म्हणून रबरी होडीच्या दोन फेऱ्या करायच्या. आमची गाइड लेकीच्या वयाची, उन्हाने रापलेली, पक्ष्यांचा अभ्यास केलेली मुलगी. पक्षी ठीक, पण माणसं हाकायचं तिला जमत नाही. "या ना, कोण आधी येतंय?" असं विचारते! असं विचारलं की सगळे येतात. दाताचे डॉक्टर आणि दोघी बहिणींतल्या जाड भिंगवाल्या थोरल्या बाई एकाच पायरीवर अडकले.

मग मी खिशातून शिट्टी काढली. निवृत्त होताना कपाट, किल्ल्या, टेबल सगळं परत केलं, शिट्टी तेवढी द्यायची राहून गेली होती. एक लांब शिट्टी मारली. सगळे गार. दहा मिनिटांत दोन गट केले.

एका घरची माणसं एका गटात नकोत, हा माझा जुना अनुभव. नातेवाईक एकत्र असले की "तू आधी, तू आधी" करत खोळंबा होतो. आणि नियम करायचा तर स्वतःच्या घरापासून. मी पहिल्या गटात, ही दुसऱ्या. डॉक्टर पहिल्या, त्यांची बायको दुसऱ्या. त्या दोघी बहिणी, थोरल्या आणि धाकट्या, त्यांनाही वेगळं केलं. कोणाची तक्रार नाही. डॉक्टरांच्या बायकोने तर माझा हात हातात घेऊन आभार मानले. हिच्याही चेहऱ्यावर असं काही तेज आलं की लेकीच्या लग्नातसुद्धा मी ते पाहिलं नव्हतं. काम नीट केलं की घरचेही मानतात.

बेट म्हणजे काळाकभिन्न खडक, जळक्या दुधासारखा कुठे साय धरलेला, कुठे फुटलेला. त्यावर हातभर लांबीचे सरडे एकमेकांच्या अंगावर पाय टाकून पडलेले. ते समुद्रात चरतात आणि पोटात गेलेलं मीठ नाकातून शिंकून टाकतात. त्यातला एक माझ्या बुटावर शिंकला.

दुसऱ्या गटाला समुद्रसिंहाचं पिल्लू दिसलं. म्हणे, आपणहून आलं आणि हिच्या पिशवीवर डोकं ठेवून घोरत पडलं. ही हे सगळ्यांना सांगत होती, मला नाही. मी त्या वेळी उद्याचं वेळापत्रक लावत होतो.

५ तारीख, रविवार.

समुद्र खवळलेला. दिवसभर मी आणि बादली. सविस्तर उद्या.

६ तारीख, सोमवार.

आज माझा जीव जायचा राहिला. दुपारी बोट एका बेटाच्या आडोशाला उभी होती, पाणी हिरवंगार, खाली कासवं तरंगताना दिसत होती. तरणीताठी मंडळी उड्या मारत होती. तेवढ्यात ही पोहण्याचा पोशाख घालून आली. मी म्हटलं, "हे काय सोंग?" तोवर हिने कठड्यावरून सूर मारला!

मी ओरडलो, "अहो, बाई पडली! बाई पडली!" आणि जोरजोराने शिट्टी फुंकली. दोन खलाशी दोऱ्या घेऊन धावले. आणि बाई तिकडे कासवाच्या शेजारून सावकाश हात मारत चालल्या होत्या, भाजी आणायला निघावं तशा.

वर आल्यावर विचारलं, "पोहायला कधी शिकलीस?"

"तुमच्या दुसऱ्या पाळीत," केस पिळत ही म्हणाली.

शेवटची वीस वर्षं मी दुसरी पाळी करायचो. जेवून दुपारी निघायचं, दिवेलागण उलटली की घरी. मला वाटायचं ही दुपारभर झोपते.

संध्याकाळी तिथेच कठड्याशी, ओल्या टॉवेलांतच पत्ते झाले. हिने डॉक्टरांना सलग तीन डाव हरवलं. मी विचारायच्या आतच डॉक्टरांची बायको म्हणाली, "दुसरी पाळी!" सगळ्या बायका खो खो हसल्या. मग कळलं की ही पेटीही वाजवते. सायकलचं पंक्चर काढते. एका वर्षी तर वकीलबाईंबरोबर, म्हणजे आमच्या शेजारणीबरोबर, डोंगर चढून संध्याकाळच्या आत घरी आली होती, आणि मी आल्यावर मला विचारलं होतं, "दमलात का हो?"

मला वाईट वाटलं. बिचारीला हे सगळं एकटीने करावं लागलं. मी सांगून टाकलं, "आता काळजी नको, मी घरीच असतो. पोहण्याच्या तलावावरही येत जाईन तुझ्याबरोबर. काठावर उभा राहून वेळ धरीन." ही उठली, अंगावरचा टॉवेल टाकून परत पाण्यात गेली आणि बराच वेळ वर आली नाही.

७ तारीख, मंगळवार.

उद्या शेवटचं बेट, अल्बाट्रॉसचं. आज जेवणानंतर गाइडने त्याची माहिती दिली. पुरुषभर रुंद पंखांचा पक्षी. नर-मादीची जोडी जन्माची. पण पिल्लू उडालं की दोघं आपापल्या वाटेने समुद्रावर जातात आणि महिनोन्‌महिने एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मग हंगाम आला की त्याच बेटावर, त्याच जागी परत. आधी येईल त्याने दुसऱ्याची वाट बघायची. भेटले की नाचतात.

ही पहिल्या रांगेत बसली होती. हिने विचारलं, "आणि दोघांतला एक समुद्रावर जायचाच बंद झाला तर? घरीच बसला, तर?"

गाइड म्हणाली, "तसं होत नाही."

"पण झालं तर?"

बायकांमध्ये पुन्हा हशा पिकला. लोकलाजेखातर मीही हसलो. मग मी एक मुद्द्याचा प्रश्न विचारला, की ते तारखेला पक्के असतात की चार-आठ दिवस मागेपुढे होतात? चार-आठ दिवस होतात. म्हणजे फार कौतुक करण्यासारखं नाही.

बाहेर कठड्याशी डॉक्टर भेटले. त्यांनी आपली कर्मकहाणी सांगितली. ते निवृत्त झाले तर आठवडाभरात बायकोने त्यांना परत दवाखान्यात पिटाळलं. रोगी येत नाहीत, दवाखाना विकलेला, तिथला नवा डॉक्टर ओळखीचा म्हणून मागच्या खोलीत खुर्ची देतो. "जेवून जातो, पेपर वाचतो, चहाला घरी येतो. संसार वाचला," म्हणाले. मला दया आली. घरात काडीची किंमत नाही बिचाऱ्याला.

झोपायच्या आधी ही म्हणाली, "अहो, उद्या एका गटात जाऊ या का? ते पक्षी तुमच्याबरोबर बघावेत असं वाटतंय."

मी समजावलं. आपण गट मोडला की डॉक्टर मोडणार, मग त्या बहिणी मोडणार. इतके दिवस केलेलं सगळं मुसळ केरात. नियम म्हणजे नियम.

"बरं," ही म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मग लेकीला कळवते. रविवारी संध्याकाळच्या गाडीने येते म्हणून."

मी सुचवलं की रविवारी गर्दी असते, सोमवार बरा. तिने भिंतीकडे कूस वळवली.

८ तारीख, बुधवार. बेटावरून.

ही नोंद दगडावर बसून लिहितो आहे. बेटावर माझ्याशिवाय माणूस नाही.

झालं ते असं. आज फेऱ्या उलट लावल्या होत्या. हिचा गट सकाळी येऊन गेला, आमचा नंतर आला. परतताना वारा सुटला म्हणून गाइड घाई करायला लागली. थोरल्या बाई ओल्या खडकावर घसरल्या, गाइड त्यांना धरून होडीत बसली. मी काठावर उभा राहून एकेकाला चढवलं. मग डोकी मोजली. सात, आणि मी आठ. "आठ! बरोबर!" असं खणखणीत सांगितलं आणि दोन शिट्ट्या दिल्या. दोन शिट्ट्या म्हणजे गाडी सुटली. खलाशाने होडी सोडली. मी समाधानाने घड्याळ पाहिलं. मिनिटाचाही उशीर नव्हता.

होडी बरीच आत गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

दुसरा कोणी हसेल. पण पस्तीस वर्षं मी गाड्या सोडल्या, एकीतही चढलो नाही. सुटणारी गाडी आणि फलाटावरचा मी, हेच अंगवळणी पडलेलं. पाय उचललेच नाहीत.

मग शिट्टी वाजवली. लांब, आखूड, सलग, जमेल तशी. होडीतल्या लोकांनी हात हलवले. इतके दिवस येता-जाता वाजवल्यावर आता कोण कशाला मागे बघतंय! हात दाखवून अवलक्षण. बोट समोर नांगरलेली दिसते आहे, संध्याकाळशिवाय हलणार नाही, तेव्हा जिवाला धोका नाही. ही पाहील. माझी जागा रिकामी दिसली की लगेच पाहील.

नंतर.

अजून पाहिलेलं नाही.

माझ्यापासून आठ-दहा पावलांवर एक अल्बाट्रॉस बसला आहे. एका वाकड्या दगडापाशी. मी आलो तेव्हापासून जागचा हललेला नाही. आजूबाजूला जोड्या आहेत, कलकलाट आहे, एकदोघे येऊन त्याच्यापुढे मान हलवून गेले. याने ढुंकून पाहिलं नाही. समुद्राकडे तोंड करून बसला आहे. ड्यूटीवर असा माणूस मिळाला असता तर मी त्याला आगारप्रमुख केला असता.

त्याला विचारलं, "उशीर झाला का हो तुमच्या गाडीला?" त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परत समुद्राकडे पाहिलं.

आणखी नंतर.

आली! एवढ्यात आली! समुद्रावरून थेट, पंख पसरून, आणि उतरताना कोलमडून नाकावर पडली. वर तोऱ्यात उभी राहिली. हा उठला. दोघं समोरासमोर. मग त्याने मान डावीकडे कलती केली, तिने उजवीकडे. त्याने चोच आभाळाकडे केली, तिनेही केली. मग चोचीवर चोच, टकटकटकटक! परत मान, परत चोच. कोण कुठे होतं, काय खाल्लं, वादळ कुठे लागलं, सगळं सांगत असणार. किती सांगतील!

मला राहवेना. मी बाजूला वळून म्हटलं, "अगं, बघ, बघ!"

बाजूला सरडा होता. तो शिंकला.

आणि मग मला रडू आलं. इथे लिहायला लाज वाटते, पण आलं. एवढी गोष्ट पाहिली आणि सांगायला ही नाही. ही सकाळी इथेच येऊन गेली होती, माझ्याशिवाय. बरोबर बघू या म्हणाली होती. आणि मी तिला नियम सांगितला. कंट्रोलर कसला, गाढव आहे मी.

९ तारीख, गुरुवार. बोटीवर.

काल लिहिता लिहिता होडीचा आवाज आला. पुढे ही उभी, मागे गाइड रडकुंडीला आलेली. होडी काठाला लागायचीही वाट न बघता हिने पाण्यात उडी टाकली आणि पोहत आली. निथळत माझ्यासमोर उभी राहिली आणि मला फैलावर घेतलं. "अक्कल आहे का? वादळ आलं असतं म्हणजे? डोक्यावर टोपीसुद्धा नाही!"

मी विचारलं, "कधी लक्षात आलं?"

तिने ओले केस मागे सारले. मग खरं ते सांगितलं. "मला वाटलं केबिनमध्ये वेळापत्रक करत बसलायत. इतकी छान दुपार गेली हो. पत्ते झाले, पोहून झालं, धाकट्या बाईंनी काय नकला केल्या! मग चहा घेतला. मनाजोगी साखर घातली. कोणी काही बोललं नाही. दुसरा कप घेतला, तरी कोणी बोललं नाही. तेव्हा वाटलं, नकलांचं यांना सांगायला हवं. केबिनमध्ये गेले, तर तुम्ही नाही." तिने नाक पुसलं. "चार महिन्यांत पहिल्यांदा तुमची आठवण आली."

मी म्हटलं, "अगं, चार महिने मी घरातच आहे. आठवण कशाला येईल?"

"तेच तर!" ती ओरडली, इतक्या जोरात की चार पक्षी उडाले.

वाकड्या दगडापाशी ते दोघं अजून टकटकत होते. मी बोट दाखवलं. गाइड घड्याळाकडे बघत होती. आम्ही दोघं उभे राहून बघत राहिलो. मी हिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, तो कसा बसून होता, ती कशी नाकावर पडली. तिने मला नकला करून दाखवल्या. रात्री जेवतानाही आमचं बोलणं संपेना. चार महिन्यांत आम्ही एकमेकांना काही सांगितलंच नव्हतं. सांगणार काय? जे तिने पाहिलं तेच मी पाहिलेलं, आणि वर दुरुस्ती सुचवलेली.

आज धाकट्या बाईंनी शिट्टी बघायला मागितली आणि समुद्रात भिरकावली. गाइड त्यांच्यावर चिडली, समुद्रात प्लास्टिक टाकायला बंदी आहे म्हणून. मी एवढंच सांगितलं, की ती पितळेची होती.

कठड्याशी उभं असताना हिला विचारलं, "रविवारचं काय?"

"बोटीवर सगळेच गोड वागतात," ही म्हणाली. "घरी गेल्यावर काय?"

१२ तारीख, रविवार. घर.

काल पोचलो. आज सकाळी हिची बॅग दाराशी तयार होती. मी स्वयंपाकघरात गेलो. डब्यांवरच्या चिठ्ठ्या सोलून काढल्या. नखं दुखली, कारण डिंक मी चांगल्यापैकी लावला होता. ही दारात उभी राहून बघत होती. तिखटाच्या डब्यात साखर होती. का, ते विचारायचं होतं. नाही विचारलं.

जेवलो. डबा भरून घेतला, जुने बूट घातले.

"कुठे निघालात?" हिने विचारलं.

"दुसऱ्या पाळीला."

"कसली पाळी? निवृत्त आहात तुम्ही."

"आहे. तरी जातो." मग बोलून टाकलं, "गाडीवर सोडायला येता येणार नाही. ड्यूटी आहे. तुला जायचं असेल तर जा, किल्ली वकीलबाईंकडे ठेव. रोज जाणार आहे मी. दिवेलागणीपर्यंत घर तुझं."

तिच्या चेहऱ्याकडे न बघताच जिना उतरलो. बघितलं असतं तर पाय अडले असते.

जाऊन जाऊन जाणार कुठे, तर आगारात. नवा कंट्रोलर तरुण आहे. त्याची तिसऱ्या फलाटाची गाडी खोळंबली होती, ड्रायव्हर गप्पा मारत उभा. जीभ आवरली. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा त्याच गाडीत चढलो. खिडकीशी बसलो. गाडी उशिरा सुटली आणि मीही तिच्याबरोबर सुटलो. शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो. पस्तीस वर्षं ज्या गावाच्या पाट्या मी लावत होतो ते गाव आज पाहिलं. तिथे एक तळं आहे. एक म्हातारा मोटारीच्या टायरात बसून मासे पकडत होता. परतीच्या गाडीत एका बाईच्या टोपलीतून कोंबडी निसटली आणि कंडक्टरच्या खांद्यावर बसली. त्याने तशीच सगळ्यांना तिकिटं दिली. हे सगळं सांगायला कोणी घरी असेल का, हाच एक घोर परतीच्या वाटेवर लागला होता.

दिवे लागले होते. आमच्या खिडकीत दिवा होता की नाही, ते मी मुद्दाम पाहिलं नाही. जिना चढलो. किल्लीसाठी वकीलबाईंचं दार वाजवलं. त्या म्हणाल्या, "कसली किल्ली? माझ्याकडे कोणी नाही दिली."

तेवढ्यात आमचं दार उघडलं. ही उभी. केस ओले. मागे दाराशी बॅग नव्हती.

तिने मान हळूच उजवीकडे कलती केली. मी डावीकडे केली. तिने हनुवटी छताकडे उचलली, मीही उचलली. मग तिने हातातला चमचा माझ्या डब्यावर आपटला, टकटकटकटक. वकीलबाई तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. बघू देत.

तिच्याकडे तलावावरच्या गोष्टी होत्या, माझ्याकडे कोंबडी होती. दोघंही एकदमच बोलत होतो. पानं उचलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की आमटीत मीठ नव्हतं आणि ते सांगायचं राहूनच गेलं.